छात्राध्यापक आणि त्याचा वर्ग

प्राथमिक शाळेतला वर्ग सांभाळणे हे शिकवण्याहून वेगळे काम आहे आणि अध्यापक पदविकेच्या दोन वर्षांत ते सर्वांत उशिरा हाती लागते. टाचण काढणे, फळ्यावर सुवाच्य लिहिणे, शब्दपट्ट्या आणि तक्ते तयार करणे या गोष्टी अध्यापक विद्यालयात बसून जमतात. पस्तीस मुले समोर असताना कोण कामात आहे, कोण अडले आहे आणि कोणाचा हात शेजाऱ्याच्या दप्तरात गेला आहे, हे एका नजरेत ओळखणे मात्र वर्गात उभे राहिल्यावरच येते. अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत या कामाला आणखी काही पदर आहेत. शाळा पुष्कळदा दोन शिक्षकांची असते, एका खोलीत दोन इयत्ता बसतात, घरची बोली आणि पुस्तकाची भाषा यांत अंतर असते, कापसाच्या हंगामात हजेरी उतरते आणि मार्चपासून डोक्यावरचे टिनाचे पत्रे तापू लागतात.

लोकांच्या तोंडी अजून ‘डी.एड.’ असलेला हा अभ्यासक्रम आता कागदोपत्री ‘डी.एल.एड.’ आहे. राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या २०१४ च्या नियमांनी त्यात शाळेत घालवायचा काळ किमान २० आठवड्यांचा ठरवला. पहिल्या वर्षीचे ४ आठवडे मुख्यतः निरीक्षणाचे आणि दुसऱ्या वर्षीचे १६ आठवडे प्रत्यक्ष अध्यापनाचे. या काळाला कोणी आंतरवासिता म्हणते, जुने लोक छात्रसेवाकाल म्हणतात. शाळा जिल्हा परिषदेची, महापालिकेची किंवा खासगी अनुदानित असते. तिथला वर्गशिक्षक मार्गदर्शक असतो, विद्यालयाचे अध्यापक मधून मधून पाठ पाहायला येतात. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातून जन्मलेली जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था, म्हणजे ‘डायट’, अमरावतीत आहे तशी अकोल्यातही आहे.

शाळेत पाठवण्याआधी छात्राध्यापकाकडून सूक्ष्म पाठ घेतले जातात. ही पद्धत १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात आकाराला आली. एका वेळी एकच कौशल्य घ्यायचे, प्रश्न विचारणे, उदाहरण देणे किंवा फलकलेखन, आणि तेवढ्याचा सराव करायचा. भारतात रूढ झालेल्या चक्रात ६ मिनिटे पाठ, ६ मिनिटे प्रत्याभरण, १२ मिनिटे पुनर्नियोजन, ६ मिनिटे पुनर्पाठ आणि पुन्हा ६ मिनिटे प्रत्याभरण, अशी ३६ मिनिटे जातात. पद्धत चांगली आहे, पण वर्गव्यवस्थापनाच्या बाजूने तिच्यात मोठी उणीव राहते. समोर विद्यार्थी म्हणून बसलेले असतात ते सहाध्यायी. ते प्रश्नाला हात वर करतात, उत्तर येत असले तर देतात, पेन्सिल हरवली म्हणून रडत नाहीत आणि पाठ ऐन रंगात असताना पाणी प्यायला जाण्याची परवानगी मागत नाहीत. सूक्ष्म पाठात पक्का झालेला छात्राध्यापक तिसरीच्या वर्गात पहिल्याच दिवशी गडबडतो त्याचे कारण यात आहे. त्याची कौशल्ये खोटी नसतात. ज्या गर्दीत ती वापरायची, ती गर्दी त्याने पाहिलेली नसते.

म्हणून निरीक्षणाचे चार आठवडे मोलाचे ठरतात, आणि दुर्दैवाने तेच सर्वांत वाया जातात. मागच्या भिंतीला टेकून बसलेला छात्राध्यापक बहुधा शिक्षक काय बोलतात ते वहीत उतरवतो. पाहायला हवे ते दुसरेच. प्रार्थनेनंतर मुले वर्गात आल्यापासून पहिले काम सुरू होईपर्यंत किती वेळ जातो? एक विषय संपून दुसरा सुरू होताना शिक्षक नेमके काय करतात? कुजबुज सुरू झाली की ते थांबतात, बोलत राहतात की चालत त्या रांगेजवळ जातात? कोणत्या मुलाकडे त्यांची नजर दर मिनिटाला जाते? अनुभवी शिक्षकाच्या वर्गात काहीच घडत नाही असे वाटते, कारण घडू शकणारी गोष्ट आधीच मोडून काढलेली असते. हे मोडणे इतके सहज असते की खुद्द त्या शिक्षकालाही ते विचारल्यावर सांगता येत नाही.

या विषयावरचे सर्वांत उपयोगी संशोधन अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेकब कूनिन यांचे आहे. पहिली-दुसरीच्या वर्गांचे चित्रीकरण करून त्यांनी चांगल्या आणि विस्कळीत वर्गांतला फरक शोधला. त्यांचे पुस्तक १९७० साली आले. मूल खोडी करते तेव्हा शिक्षक कसा रागावतो, कठोरपणे की मृदूपणे, यावर वर्गाची शिस्त अवलंबून असेल अशी त्यांची अपेक्षा होती. चित्रफिती पाहिल्यावर उलटेच दिसले. खोडी झाल्यानंतर शिक्षक काय करतो याने फारसा फरक पडत नव्हता. फरक पडत होता तो त्याआधी तो काय करत होता याने. चांगल्या वर्गातल्या शिक्षकाचे सगळीकडे लक्ष आहे हे मुलांना सतत जाणवत होते. एका मुलाची वही पाहताना तो दुसऱ्याला खुणेने बसवू शकत होता. त्याचा पाठ मध्येच अडखळत नव्हता, आणि प्रश्न विचारताना पुढचे नाव कोणाचे येईल याचा अंदाज लागत नसल्याने सगळेच सावध राहत होते.

यातली प्रत्येक गोष्ट सरावाने येते. फळ्यावर लिहिताना वर्गाकडे पूर्ण पाठ न करता तिरके उभे राहायचे आणि प्रत्येक ओळीनंतर एकदा मागच्या कोपऱ्यापर्यंत नजर फिरवायची, ही सवय आठवडाभरात लागते. प्रश्न विचारायचा तर आधी प्रश्न, मग क्षणभर थांबणे, मग नाव. आधी नाव घेतले की बाकीची चौतीस मुले सुटतात. मेरी बड रो या संशोधिकेने १९७० च्या दशकात दाखवले की शिक्षक प्रश्नानंतर जेमतेम एक सेकंद थांबतात. तो अवधी तीन सेकंदांपर्यंत नेला तर उत्तरे लांब होतात आणि एरवी गप्प राहणारी मुलेही बोलू लागतात. नवख्याला तीन सेकंदांची शांतता जीवघेणी वाटते. ती भरून काढण्यासाठी तो स्वतःच उत्तर देतो किंवा ‘सगळ्यांनी सांगा’ म्हणतो. मग वर्ग एका सुरात ओरडतो, छात्राध्यापकाला बरे वाटते आणि उत्तर कोणाला आले, कोणी नुसते तोंड हलवले, हे काहीच कळत नाही.

पहिल्या दिवसाबद्दल भारतीय शिक्षणसाहित्यात एक प्रसंग आहे, तो प्रत्येक छात्राध्यापकाने वाचावा. गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’ या मूळ गुजराती पुस्तकातला लक्ष्मीराम हा शिक्षक नव्या शिक्षणाचे प्रयोग करायला चौथीचा वर्ग मागून घेतो. पहिल्या दिवशी तो शांततेचा खेळ ठरवून येतो, खिडक्या-दारे लावून अंधार करतो, आणि वर्ग त्या अंधारात मनसोक्त गोंधळ घालतो. खेळ बालमंदिरात यशस्वी झालेला, पण या मुलांना त्याची ओळख नाही. तो त्यांना सुट्टी देतो, घरी बसून विचार करतो आणि दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला सुरुवात करतो. मुले तल्लीन होतात. गिजुभाईंच्या भावनगरच्या कामात त्यांच्यासोबत असलेल्या ताराबाई मोडक लग्नाने अमरावतीच्या होत्या, त्यांचे पती तिथे वकील होते. गिजुभाई आणि ताराबाई यांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा केला आणि ताराबाईंनी पुढे बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात बालवाडी नेली. लक्ष्मीरामच्या प्रसंगातून दोन गोष्टी हाती लागतात. पुस्तकातला उपाय वर्गाची ओळख नसताना चालत नाही, ही एक. दुसरी अधिक महत्त्वाची: वर्ग शांत होतो तो शांततेच्या आज्ञेने होत नाही, ऐकावेसे काहीतरी समोर आले म्हणून होतो. वऱ्हाडातल्या शाळेत पहिल्या दिवशी गोष्ट तयार ठेवून जाणारा छात्राध्यापक नियमांची यादी घेऊन जाणाऱ्यापेक्षा पुढे असतो.

तरी एकट्या गोष्टीवर सोळा आठवडे निघत नाहीत. कॅरोलिन एव्हर्टसन आणि एडमंड एमर यांनी १९८० च्या सुमारास तिसरीच्या वर्गांवर केलेल्या अभ्यासात असे आढळले, की ज्यांचे वर्ग वर्षभर सुरळीत चालले त्यांनी पहिल्या काही आठवड्यांत दिनक्रमाच्या रीती धड्यासारख्या शिकवल्या होत्या: सांगून, करून दाखवून, मुलांकडून करवून घेऊन. छात्राध्यापक वर्षाच्या मध्यावर येतो, त्यामुळे रीती आधीच पडलेल्या असतात. त्याने पहिल्या आठवड्यात त्या मोडू नयेत. वर्गशिक्षकांची हजेरीची पद्धत, पाण्याला जाण्याची पद्धत, वह्या ठेवण्याची जागा समजून घ्यावी आणि तशीच चालवावी. बदल करायचाच तर एका वेळी एक.

वह्या वाटण्याचे साधे उदाहरण घेतले तरी रीतीचे महत्त्व कळते. तिसरीच्या वर्गात तपासलेल्या अडतीस वह्यांचा गठ्ठा छात्राध्यापिकेच्या हातात आहे. ती एकेक नाव वाचते, मूल उठते, पुढे येते, वही घेते, परत जाते. चौथ्या-पाचव्या नावाला ज्यांची वही मिळाली ती मुले शेरा पाहून एकमेकांना दाखवू लागतात, ज्यांची मिळाली नाही ती ‘मॅडम, माही?’ म्हणून पुढे सरकतात, आणि दहाव्या नावाला वाचलेले नाव ऐकू येईनासे होते. सात-आठ मिनिटे जातात. शिवाय पुढचा धडा ओरडून सुरू करावा लागतो. हीच वाटणी दुसऱ्या रीतीने होते. वह्या गोळा करतानाच रांगेनुसार घेतलेल्या असतात. प्रत्येक रांगेच्या पहिल्या मुलाकडे त्या रांगेचा गठ्ठा जातो, तो आपली ठेवून बाकीच्या मागे देतो. फळ्यावर तारीख, वार आणि पहिले उदाहरण आधीच लिहिलेले असते. वही मिळताच ते उतरवायचे, हे मुलांना माहीत असते. दीड-दोन मिनिटांत वर्ग कामाला लागलेला असतो. मुले तीच आहेत, मॅडमही त्याच आहेत.

शाळेच्या दिवसात अशा सांधेजागा बऱ्याच असतात आणि गोंधळ बहुतेक वेळा तिथेच होतो. परिपाठ हा त्यातला पहिला: राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत, प्रतिज्ञा, संविधानाची उद्देशिका, सुविचार, दिनविशेष, बोधकथा. छात्राध्यापकाला बहुधा परिपाठाची जबाबदारी मिळते. कार्यक्रम कसा बसवायचा याचीच चिंता तो करतो, पण त्यानंतर चार रांगा वर्गात कशा जातील हेही तितकेच आधी ठरवावे लागते. मधली सुट्टी आणि शालेय पोषण आहार हा दुसरा सांधा. हात धुण्याची रांग, ताट-वाटी, खिचडीची रांग, सांडलेले, उरलेले, पुन्हा हात धुणे. जेवल्यानंतरच्या तासाला मुले जड असतात. त्या वेळी गणिताची नवी संकल्पना सुरू करणे म्हणजे स्वतःच्या हाताने गोंगाट बोलावणे. तिथे कृतिगीत, मातीकाम, वाचन, चित्र शोभते.

वर्गाचे लक्ष वेधण्यासाठी महाराष्ट्रभर चालत आलेला हुकूम म्हणजे ‘हाताची घडी, तोंडावर बोट’. तो लगेच लागू पडतो आणि लगेच विरतो, कारण हात बांधलेले मूल काही करू शकत नाही आणि सहा वर्षांचे मूल काही न करता एक मिनिटही राहत नाही. याहून चांगली खूण म्हणजे पावसाची टाळी. शिक्षक एका बोटाने तळव्यावर टिचक्या मारू लागतात, मुले सामील होतात. मग दोन बोटे, तीन, चार, आणि पाच बोटांच्या टाळीने खोलीभर पाऊस कोसळतो. मग उलट क्रमाने चार, तीन, दोन, एक, आणि हात थांबतात. या शांततेत मुलांचे हात, कान आणि डोळे सगळे शिक्षकांकडे लागलेले असतात. लगेच, त्याच श्वासात, सूचना द्यावी. दहा सेकंद दवडले तर टाळी वाया गेली. ताल आणि कवायत यांची अमरावतीला मोठी परंपरा आहे. १९१४ साली वैद्य बंधूंनी सुरू केलेल्या श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने शारीरिक शिक्षण देणाऱ्या शिक्षकांच्या पिढ्या घडवल्या. मैदानावरची शिट्टी मात्र मैदानावरच ठेवावी. बंद खोलीत ती वाजवली की मुले दचकतात, आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना तिची सवय होते.

वऱ्हाडात वर्ग सांभाळण्याची खरी परीक्षा जोडवर्गात होते. शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीनुसार पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक मिळतात. लहान गावात पट वीस-पंचवीस असतो, म्हणजे पहिली-दुसरी एकाकडे, तिसरी-चौथी दुसऱ्याकडे. त्यातले एक मुख्याध्यापक. ते पंचायत समितीत किंवा केंद्रशाळेच्या बैठकीला गेले की चारही इयत्ता उरलेल्या एकाकडे. छात्राध्यापकाने काढलेले टाचण मात्र एका इयत्तेचे, एका विषयाचे, पस्तीस-चाळीस मिनिटांचे असते. ते घेऊन तो पहिली-दुसरीच्या खोलीत जातो, दुसरीला हातच्याची बेरीज शिकवू लागतो आणि पहिली त्याच्या पायाशी येऊन बसते.

जोडवर्गाचा पहिला नियम असा, की ज्यांना आत्ता शिकवायचे नाही त्यांना आधी कामाला लावायचे. पहिलीला मणी आणि अंककार्डे दिली, एक जोडी करून दाखवली, तीन मुलांची सुरुवात पाहिली, की मग दुसरीकडे वळायचे. उलट केले तर दुसरीचा पाठ दर मिनिटाला तुटतो. दुसरा नियम कामाच्या निवडीचा आहे. जे काम स्वतंत्रपणे करायचे ते मुलांना आधीपासून येणाऱ्या प्रकारातले असावे आणि बरोबर-चूक त्यांना स्वतःला पाहता यावे: जोडकार्ड मागे फिरवून, चित्राशी ताडून, जोडीदाराला विचारून. तसे नसेल तर ‘झालं, मॅडम!’ म्हणत वही पुढे करणाऱ्यांची रांग टेबलाशी लागते. रांगेत उभे असलेले मूल रिकामे असते आणि ढकलाढकली तिथूनच सुरू होते. शिक्षकाने टेबल सोडून फिरत राहणे आणि ‘झाल्यावर काय करायचे’ हे काम देतानाच सांगणे, एवढ्याने ही रांग मोडते. टाचणात ‘झाल्यावर’ असा एक रकाना असायला हवा. छापील नमुन्यांत तो सहसा नसतो.

मोठ्या मुलांनी लहानांना शिकवावे ही कल्पना गावच्या पंतोजींच्या शाळेत होतीच. मद्रासच्या अनाथाश्रमाची शाळा चालवणाऱ्या अँड्र्यू बेल यांनी एका देशी शाळेत वाळूत अक्षरे गिरवणारी मुले पाहिली, तसाच प्रयोग आपल्या शाळेत केला आणि १७९७ साली त्याविषयी लिहिले. त्यातून इंग्लंडमध्ये मॉनिटर पद्धत पसरली. आपल्या वर्गातला ‘मॉनिटर’ या पद्धतीचा वारस. तिसरीच्या मुलीने पहिलीतल्या चौघांना अक्षरकार्डे दाखवणे दोन्ही बाजूंच्या हिताचे असते, कारण सांगताना तिचेही पक्के होते. पण छात्राध्यापक मॉनिटरला बहुधा दुसरेच काम देतो: बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची. ही रीत टाळावी. मित्रांची नावे गळतात, भांडण झालेल्यांची चढतात, आणि शिक्षक खोलीत नसताना मुलांमध्ये चुगलीचा व्यापार सुरू होतो. पाणी भरणे, कोपऱ्यातली पुस्तके लावणे, खडू आणणे, चटया अंथरणे ही कामे आळीपाळीने सगळ्यांना द्यावीत. सर्वांत चुळबुळ्या मुलाला आधी.

भाषेचा प्रश्न याला लागूनच येतो. घरी ‘मले’, ‘तुले’, ‘काहून’ बोलणारे मूल पुस्तकातली मराठी समजते, पण तिच्यात बोलायला बिचकते. त्याच्या बोलण्याला छात्राध्यापक हसला किंवा दर वाक्याला दुरुस्ती करू लागला, तर ते मूल हात वर करणे सोडते आणि मग मागच्या बाकावरचे दुसरे उद्योग शोधते. वऱ्हाडीत दिलेले बरोबर उत्तर बरोबर म्हणून स्वीकारावे आणि तेच प्रमाण मराठीत एकदा सहज म्हणून पुढे जावे. मुले दुसरे रूप आपोआप उचलतात. अकोला शहर, बाळापूर, अमरावती इथल्या उर्दू माध्यमाच्या शाळांतही घरची बोली आणि पुस्तकी उर्दू यांत असेच अंतर असते.

मेळघाटात प्रश्न मुळापासून वेगळा आहे. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या कोरकू मुलाची भाषा मुंडा कुळातली. मराठीशी तिचे नाते नाही. पहिलीच्या वर्गात ही मुले गप्प बसतात. शहरातून आलेला छात्राध्यापक त्याला शिस्त समजतो आणि निरीक्षण वहीत ‘वर्गनियंत्रण उत्तम’ अशी नोंद होते. ती शिस्त नसते, न कळल्याची शांतता असते, आणि काही आठवड्यांत ती गैरहजेरीत बदलते. शिक्षणहक्क कायद्याचे कलम २९ शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवण्यास सांगते. छात्राध्यापकाला कोरकू सोळा आठवड्यांत येणार नाही. पण बस, ये, पाणी, दाखव, छान, दुखते का, अशा वीस-पंचवीस शब्दांची वही पहिल्या आठवड्यात मुलांकडूनच भरून घेता येते. शिक्षक आपली भाषा चुकतमाकत बोलतो आहे हे पाहून मुलांचीही जीभ सुटते. दोन्ही भाषा येणारे मूल प्रत्येक गटात बसवावे, सूचना करून दाखवाव्यात, चित्रांचा सढळ वापर करावा. वर्गात आवाज वाढेल. मेळघाटातल्या पहिलीत आवाज वाढणे हे शिकणे सुरू झाल्याचे लक्षण मानावे.

बसण्याचीच सवय नसलेली मुलेही या भागात आहेत. नांदगाव खंडेश्वर तालुक्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले यांनी जिल्हा परिषदेतली शिक्षकाची नोकरी सोडून फासेपारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा उभी केली. रस्त्यावर, स्टेशनवर भीक मागत वाढलेल्या मुलाला पस्तीस मिनिटांचा तास ही कल्पनाच नवी असते. असे मूल वर्गात आले तर आधी दहा मिनिटांचे काम, मग उठून करायचे काम, असा वेळ हळूहळू वाढवावा लागतो.

शिक्षेबाबत कायदा स्पष्ट आहे. १ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी घातली. मोडणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई होते. उठाबशा, कोंबडा, उन्हात उभे करणे, जातीवरून किंवा घरच्या परिस्थितीवरून बोलणे, हे सारे त्यात येते. गावात मात्र ‘मारा हो गुरुजी, त्याशिवाय ऐकत नाही’ असे सांगणारा बाप शाळेच्या फाटकात भेटतो, आणि घाबरलेल्या छात्राध्यापकाला तो आधार वाटतो. मार टाळायचा तो केवळ कायद्याच्या भीतीने टाळायचा नाही. ज्या मुलाला मार बसतो त्याचे डोके त्या तासापुरते शिकण्यातून उठते, आणि बाकीच्यांचेही.

खोडी झालीच तर लहानात लहान उपाय आधी करावा. बोलत राहूनच त्या मुलाजवळ जाऊन उभे राहावे. निम्म्या वेळा एवढ्याने भागते. नाही भागले तर त्याच्या वहीवर बोट ठेवावे, किंवा त्याचे नाव वाक्यात गुंफून प्रश्न विचारावा. सगळ्यांसमोर झाडणे टाळावे. त्यात वर्गाला तमाशा मिळतो आणि मुलाला प्रेक्षक. बोलायचेच तर सुट्टीत, शेजारी बसून, दोन वाक्यांत. तक्रारींचे वेगळे. ‘सर, ह्यानं माही पेन्सिल घेतली’, ‘हा मले चिडवते’ अशा तक्रारी दिवसभर येतात आणि प्रत्येकीचा निवाडा करू लागलेला छात्राध्यापक शिकवू शकत नाही. लागले, रक्त आले, कोणी रडत आहे, तर लगेच पाहावे. बाकीच्यांसाठी मधल्या सुट्टीपूर्वीची पाच मिनिटे ठेवावीत. तोवर निम्म्या तक्रारी मुले विसरलेली असतात. एखादे मूल कोणी अंगाला नको तसा हात लावल्याचे सांगत असेल, तर ते ऐकून मुख्याध्यापकांच्या कानावर त्याच दिवशी घालावे. २०१२ च्या पॉक्सो कायद्याने अशी माहिती दडवणे हाच गुन्हा ठरवला आहे.

हवामान आणि हंगाम यांचाही हिशेब ठेवावा लागतो. विदर्भात शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या अखेरीस उघडतात, कारण अकोला-अमरावतीचा उन्हाळा मे महिन्यात ४५ अंशांच्या पुढे जातो. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली की दहानंतर मुलांचे लक्ष टिकत नाही. भाषा-गणित आधी उरकावे. दिवाळीच्या आगेमागे कापूस वेचणीला घरातली मोठी माणसे शेतात जातात, मोठी मुलगी धाकट्यांना सांभाळायला घरी राहते किंवा वेचायलाच जाते. पंधरा दिवसांनी परतलेल्या मुलाला फळ्यावरचे काही उमगत नाही, आणि वर्गात अडथळा आणणाऱ्यांत अशी मुले हमखास दिसतात. त्यांच्यासाठी रागावणे हा उपाय नाही. बुडालेल्या भागाची चार-पाच सोपी कामे वेगळी काढून ठेवली आणि पहिले दोन दिवस त्यांना जोडीदार दिला, तर ती पुन्हा वर्गात मिसळतात.

छात्राध्यापकाच्या मनातही या काळात एक प्रवास चालू असतो. फ्रान्सिस फुलर यांनी शिकाऊ शिक्षकांच्या चिंतांचा क्रम मांडला: सुरुवातीला चिंता स्वतःची असते, वर्ग ऐकेल का, तपासायला आलेले काय म्हणतील, मग कामाची, वेळ पुरेल का, साहित्य आहे का, आणि शेवटी मुलांची, यांना खरेच येते आहे का. चांगला मार्गदर्शक शिक्षक हा क्रम ओळखून बोलतो. पहिल्या आठवड्यात ‘आशयात खोली नाही’ असा शेरा निरुपयोगी असतो. ‘डावीकडच्या शेवटच्या रांगेकडे पाठभर तुझं लक्ष गेलं नाही, उद्या तिथून सुरुवात कर’ हा शेरा दुसऱ्याच दिवशी अमलात येतो. पाठ चालू असताना वर्ग विस्कटू लागला तर मार्गदर्शकाने मध्ये बोलून तो ताब्यात घेऊ नये, कारण मुलांच्या लेखी छात्राध्यापक त्या क्षणी संपतो. खूण करावी, थांबावे, आणि पाठानंतर दहा मिनिटे द्यावीत. वरिष्ठ तपासणीला आले की वर्ग आपोआप चिडीचूप होतो. त्या दिवशीचे गुण वर्ग सांभाळण्याचे मानू नयेत. चार सामान्य दिवसांत न सांगता केलेले निरीक्षण अधिक खरे.

पदविकेनंतर शिक्षक पात्रता परीक्षा येते, जी महाराष्ट्रात २०१३ पासून घेतली जाते, मग भरती, मग शिक्षणसेवक म्हणून तीन वर्षे. या परीक्षांत वर्गव्यवस्थापनावर बहुपर्यायी प्रश्न असतात. पहिल्या नेमणुकीच्या गावात, कदाचित एकट्याने, पहिली ते चौथी समोर बसलेली असताना उपयोगी पडतात ते मात्र छात्रसेवाकालातले सोळा आठवडे.

त्या आठवड्यांचे शेवटचे काम वर्ग परत देण्याचे असते आणि त्याचीही रीत आहे. मुलांना आठ दिवस आधी सांगावे. लहान मुले अचानक गेलेल्या मॅडमची वाट पाहत राहतात. शेवटच्या तीन-चार दिवसांत निम्मे तास वर्गशिक्षकांकडे द्यावेत, म्हणजे त्यांची खूण, त्यांचा आवाज मुलांच्या अंगवळणी पुन्हा पडतो. जाताना वर्गशिक्षकांच्या हाती एक कागद द्यावा: कोणता घटक कुठे थांबला, कोणते मूल वाचनात कुठवर आले, कोणाला कोणाशेजारी बसवले आणि का, कोण बरेच दिवस आलेले नाही, आणि पाण्याची, पुस्तकांची पाळी पुढच्या सोमवारी कोणाची आहे.